देवळीच्या उन्हात एसी घ्यायचा, तर 'स्टार' किती बघायचे?

मे महिन्यात रात्री दहा वाजता देवळीतल्या एखाद्या स्लॅबच्या घराच्या वरच्या खोलीत जा. बाहेर थोडी झुळूक असते, पण छत अजून तापलेलंच असतं. दिवसभर ४५ अंशांच्या आसपास तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो.

आजवर यावर उपाय होता कूलर. मार्चमध्ये खस बदलायची, पंप तपासायचा आणि खिडकीला कूलर लावायचा. विदर्भातल्या कोरड्या हवेत तो चालतोही उत्तम, आणि वीज एसीच्या तुलनेत किरकोळ घेतो. अडचण येते जूनमध्ये. हवेत ओल आली की पाणी उडून गारवा तयार व्हायची प्रक्रियाच मंदावते आणि खोली चिकट होते. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर एसीचा विषय इथेच निघतो.

दुकानात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "फाइव्ह स्टार घ्या, बिल कमी येईल." हे खरं आहे का? अर्धं.

स्टार नेमके कशाचे?

हे स्टार देते केंद्र सरकारची बीईई, म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी. त्यामागे एक आकडा असतो, आयएसईईआर. वर्षभरात एसीने खोलीतून किती उष्णता बाहेर काढली आणि त्यासाठी किती वीज घेतली, याचं हे गुणोत्तर. आकडा जितका मोठा, तितका एसी काटकसरी. तो लेबलवर छापलेला असतो.

जुलै २०२२ मध्ये स्प्लिट एसीला पाच स्टारसाठी हा आकडा किमान ५ आणि तीन स्टारसाठी किमान ३.८ लागायचा. जानेवारी २०२६ पासून निकष आणखी कडक झाले. त्यामुळे गोदामातला जुना 'पाच स्टार' आणि आजचा 'पाच स्टार' एकच नाहीत. स्टार मोजण्याआधी लेबलवरचा कालावधी वाचा आणि दोन मॉडेलची तुलना आयएसईईआरवरूनच करा.

मग अर्धं खोटं काय?

लेबलवरची वार्षिक युनिट १,६०० तास वापर धरून काढलेली असतात. बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरलेलं असतं. हा देशाचा सरासरी हिशोब झाला. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४३ च्या वर असतो, म्हणजे त्या हिशोबाच्या बाहेर. शिवाय एसीची टनांतली क्षमता मोजली जाते ती बाहेर ३५ अंश असताना. बाहेर जितकं जास्त तापेल, तितका एसी कमी थंड करतो आणि वीज जास्त घेतो.

दुसऱ्या बाजूला, १,६०० तास आपण वापरतो का? एप्रिल ते जून असे ८० दिवस, रोज रात्री ९ तास धरले तर ७२० तास होतात. निम्मेसुद्धा नाहीत.

आता पैसे मांडू. समजा लेबलवर एका एसीला वर्षाला ९८० युनिट लिहिलेत आणि दुसऱ्याला ७५०. फरक २३० युनिटचा. ७२० तासांना तो साधारण १०४ युनिट होतो. वरच्या टप्प्यातलं युनिट १५ रुपयांना धरलं तर दीड हजार रुपये. आपल्या उन्हामुळे दोन्ही एसी लेबलपेक्षा जास्त वीज खातील, म्हणून दोन हजार धरा. किमतीत आठ हजारांचा फरक असेल तर तो वसूल व्हायला चार वर्षं लागतील. एसी दिवसरात्र १६ तास चालणार असेल, तर साधारण सव्वादोन वर्षांत. म्हणून फक्त झोपायला एसी हवा असेल तर तीन स्टार घेणं मूर्खपणा नाही. दिवसाही रुग्ण खोलीत असेल, तर मात्र मी पाच स्टारलाच पैसे घालेन.

बिलाची भीती किती खरी?

महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. महिन्याला १५० युनिट वापरणारं घर एसीमुळे सहज ३०० ओलांडतं. पण एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो, की ३०० च्या वर गेलं की सगळ्याच युनिटला महाग दर लागतो. तसं नाही. महाग दर फक्त त्या रेषेवरच्या युनिटला लागतो. १५ रुपये मी सोयीसाठी धरलेत, तुमचा दर बिलाच्या मागे बघा आणि तोच हिशोबात घाला.

किती टन?

एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्यावरून हे माप आलं. १० बाय १२ च्या खोलीला एक टन पुरतो असं म्हणतात, पण वर उघडा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत असेल तर दीड टन घ्या. लहान एसी तिथे रात्रभर पूर्ण ताकदीने पळत राहील आणि इन्व्हर्टरचा फायदाच मिळणार नाही. इन्व्हर्टर एसी वीज वाचवतो तो खोली थंड झाल्यावर कॉम्प्रेसरचा वेग कमी करून. वेग कमी करायची वेळच आली नाही, तर बचत कुठून होणार?

म्हणूनच स्लॅबवर चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात मारणं हा एसीच्याच खर्चाचा भाग समजा. बाहेरचं युनिट गच्चीवर भर उन्हात न ठेवता उत्तरेच्या भिंतीला, मोकळ्या हवेत लावा. फिटिंगवाल्याला गच्ची सोयीची वाटते, तिथे थोडं अडून बसा. आपल्याकडची धूळ युनिटच्या जाळीत अडकते, ती महिन्यातून एकदा पाण्याने धुवा.

मीटरचा मंजूर भार, १६ अँपियरचा पॉइंट आणि अर्थिंग आधीच तपासून घ्या. व्होल्टेज फार खाली जात असेल तर मॉडेल किती व्होल्टपर्यंत चालतं ते विचारा, नाहीतर स्टॅबिलायझर लागेल.

आणि रिमोट? बीईईच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होताना २४ अंशांवरच येतात. बाहेर ४५ असताना २६ वर ठेवून सोबत पंखा लावला, तरी झोप लागते. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, एसी फक्त जास्त वेळ पळतो.