एसईओ भरपूर केलं, तरी वेबसाइट गुगलवर मागे का?

समजा अंबरनाथ पश्चिमेला तुमच्या काकांचं मोबाइल रिपेअरचं दुकान आहे. वेबसाइट बनवली, ‘गुगलवर पहिल्या पानावर आणू’ असं सांगणाऱ्याकडून एसईओचं पॅकेज घेतलं. सहा महिने पैसे भरले, पण साइट शोधून सापडत नाही. उलट चार ओळींची साधी साइट असलेलं दुसरं दुकान वर दिसतं. असं का होतं?

एसईओ म्हणजे काय?

सर्च इंजिन आधी वेबसाइटची पानं वाचतं, त्यांची नोंद ठेवतं आणि कुणी काही शोधलं की त्यातली उपयोगी पानं क्रमाने दाखवतं. आपलं पान त्याला नीट समजावं म्हणून केलेली तयारी म्हणजे एसईओ. यात वाईट काहीच नाही. पान ग्राहकासाठी न राहता फक्त गुगलसाठी उरतं, तेव्हा गडबड सुरू होते.

अति कुठे होतं?

१. तोच शब्द पुन्हा पुन्हा. ‘अंबरनाथ पश्चिम मोबाइल रिपेअर शोधताय? आमचं अंबरनाथ पश्चिम मोबाइल रिपेअर हे अंबरनाथ पश्चिममधलं बेस्ट मोबाइल रिपेअर आहे.’ हे वाचून तुम्हाला वैताग येतो ना? गुगलच्या नियमांत याला कीवर्ड स्टफिंग म्हणतात आणि ते स्पॅममध्ये मोडतं. काही जण कोडमधल्या कीवर्ड मेटा टॅगमध्येही शंभर शब्द भरतात. पण वेब सर्चचा क्रम लावताना हा टॅग बघत नाही, असं गुगलने २००९ मध्येच सांगितलंय.

२. गाव बदललं, पान तेच. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर कॅम्प १ ते ५, प्रत्येकासाठी वेगळं पान. मजकूर एकच, फक्त नाव बदललेलं. दुकान मात्र एकच! अशा पानांना डोअरवे पेज म्हणतात. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट याच कारणाने गुगलने काही दिवस शोधातून काढून टाकली होती. एवढ्या मोठ्या कंपनीचीही गय केली नाही.

३. विकतच्या लिंक. दुसऱ्या साइटने तुमची लिंक देणं म्हणजे एक प्रकारे तुम्हाला मत देणं. मग लोक मतं विकत घ्यायला लागले. ते रोखायला २४ एप्रिल २०१२ ला गुगलने पेंग्विन अपडेट आणलं. आता अशा बऱ्याच लिंक गुगल मोजतच नाही. म्हणजे शिक्षा झाली नाही तरी पैसे पाण्यात.

४. ढीगभर मजकूर. रोज दहा लेख, सगळे इकडून तिकडून जमवलेले किंवा एआयकडून धडाधड लिहून घेतलेले. रँकिंगसाठीच असा माल तयार करणं मार्च २०२४ पासून गुगलच्या स्पॅम नियमांत स्पष्टपणे बसतं. एआय वापरणं हा गुन्हा नाही. वाचणाऱ्याला काही न देणं हा खरा दोष.

मग करायचं काय?

आधी गुगल सर्च कन्सोल या मोफत टूलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन’ बघा. गुगलच्या माणसांनी साइटवर कारवाई केली असेल तर तिथे कळतं. तिथे काही नसेल, तरी वरच्या चार गोष्टी तपासा. एकसारखी पानं काढून एकच नीट पान ठेवा. त्यावर दुकानाचा पत्ता, वेळ, कुठल्या कामाला अंदाजे किती खर्च आणि दुकानाचे खरे फोटो द्या.

गुगल बिझनेस प्रोफाइलही पूर्ण भरा. ‘जवळचं दुकान’ शोधताना गुगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि दुकानाची ओळख. यातलं अंतर कुठलंच पॅकेज कमी करू शकत नाही! आणि पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगल सांगतं.

शेवटी एक सोपी चाचणी. पानावरचं वाक्य काउंटरवर आलेल्या गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवा. तो हसला, तर ते वाक्य काढून टाका.