हिंडनकाठची पहाट आणि छत्तीस फ्रेम

आज रंगीत फिल्म कशी निवडायची ते बघू, आणि उदाहरणाला गाझियाबाद घेऊ, कारण या एका शहरात तऱ्हेतऱ्हेचा उजेड मिळतो.

कार्तिकातली छठ घ्या. सप्तमीच्या पहाटे हिंडन नदीच्या घाटावर बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या असतात. नाकापासून भांगापर्यंत केशरी सिंदूर, हातात सूप, वर धुरकट आभाळ. सूर्य दिसला की अर्घ्य, आणि काही मिनिटांत सगळं संपतं. चुकीचा रोल असेल तर पुढची संधी थेट पुढच्या वर्षी.

पुष्कळांना वाटतं, रंग आहेत म्हणजे भडक फिल्म हवी. म्हणून वेल्व्हिया ५० भरतात. वेल्व्हिया डोंगर, पानं, आभाळ यांच्यासाठी उत्तम. माणसाची कातडी मात्र ती लालसर करते. शिवाय ती स्लाइड फिल्म. एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने चुकलं तरी दिसतं. आणि वेगाचं गणित बघा: ४०० च्या फिल्मवर १/२५० सेकंद पुरत असेल, तर ५० च्या फिल्मला तेवढ्याच अॅपर्चरवर १/३० लागेल. अर्घ्य देणारा हात हललेला येणार.

माझं मत पोर्ट्रा ४०० च्या बाजूने. ती रंग ओरडून सांगत नाही. सिंदूर केशरीच राहतो, चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो आणि धुक्याची राख-पिवळी छटा टिकते. एक लक्षात ठेवा: धुकं पांढरट असल्याने मीटर फसतो आणि फोटो काळवंडतो. एक स्टॉप जास्त द्या. निगेटिव्ह फिल्म ते सहज पचवते.

धुकं फिटल्यावर दुपारी तुराबनगरच्या बाजारात कापडाचे ठाण, बांगड्या टिपायच्या असतील तर एक्टार १०० भरा. बारीक दाणा, गडद रंग. जुन्या अल्बमची ऊब हवी असेल तर गोल्ड २००. खिशालाही ती हलकी.

रात्रीसाठी सिनेस्टिल ८००टी. ही सिनेमाची फिल्म, मागचा काळा थर काढलेली. तो थर नसल्याने दिव्याचा उजेड मागून परततो आणि दिव्याभोवती लाल वलय उमटतं. ती पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी, म्हणजे ३२०० केल्व्हिनसाठी बनवलेली आहे. त्यामुळे आजच्या पांढऱ्या एलईडीखाली सगळं निळसर येतं. ओस पडलेल्या स्टेशनला ते शोभतं, घरच्या गणपतीच्या आरतीला एलईडीच्या झगमगाटात अजिबात नाही. तिथे नुसत्या समया ठेवल्यात तर गोष्ट वेगळी.

रघुबीर सिंग यांचे भारताचे फोटो जरूर बघा. ते कोडाक्रोमवर काम करत. १९३५ साली आलेली ती फिल्म २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा हुबेहूब तो रंग आता मिळणार नाही. पण गर्दीतला एकच लाल रंग ते कुठे ठेवतात, हे आजही कुठल्याही रोलवर करून बघता येतं.

स्कॅन करताना छटा थोडी सुधारता येते, हे खरं. पण लॅबला आधी सांगून ठेवा, धुक्याचा पिवळेपणा तसाच राहू द्या. नाहीतर तो डाग समजून धुऊन टाकतात.