टर्कीची शिकार : तिकडची आणि इकडची

इ.स. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाच्या दरबारात गोव्याहून एक अजब पक्षी आला. दुर्मीळ वस्तू खरेदी करण्यासाठी बादशहाने आपला सरदार मुकर्रबखान याला गोवा बंदरावर पाठवले होते. त्याने आणलेल्या जनावरांमध्ये हा कोंबडीसारखा पण मोरासारखा पिसारा फुलवणारा प्राणी होता. डोके आणि मान पिसांशिवाय उघडी, आणि तिचा रंग घटकेत लाल, घटकेत निळसर. बादशहाला इतके नवल वाटले की त्याने आपल्या आठवणींत त्याचे सविस्तर वर्णन लिहिले आणि उस्ताद मन्सूरसारख्या चित्रकाराकडून चित्रे काढून घेतली. त्यातले मन्सूरचे मानले जाणारे एक चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तो पक्षी म्हणजे टर्की. आपल्या किनाऱ्याने तो चारशे वर्षांपूर्वीच पाहिलेला आहे.

त्याच्या नावांची गंमत मी वर्गात मुलांना सांगते. उर्दूत त्याला ‘फील-मुर्ग’ म्हणतात, म्हणजे हत्ती-कोंबडा. फारसीत ‘बूकलमून’, म्हणजे रंग बदलणारा. इंग्रजांना वाटले तो तुर्कस्तानातून आला, म्हणून ‘टर्की’. तुर्कांना वाटले हिंदुस्थानातून आला, म्हणून ते त्याला ‘हिंदी’ म्हणतात. पोर्तुगीज ‘पेरू’ म्हणतात. हे सांगितले की आमची मुले हसू लागतात, कारण त्यांना झाडावरचा पेरूच आठवतो. खरे तर तो मूळचा अमेरिकेचा.

आता हा पक्षी पुन्हा आपल्या घरांत आला आहे, तो मुलांच्या फोनमधून. पूर्वी कोकणातली पोरे मुंबईला आणि आखातात जात. आता काही जण शिकायला आणि नोकरीला अमेरिकेत जातात, आणि तिथली विद्यापीठे काही फक्त न्यूयॉर्क-शिकागोत नाहीत. कॅन्सस, नेब्रास्का, साउथ डकोटा ही मधली राज्ये, जिथे क्षितिजापर्यंत गवताचे माळरान आहे आणि ज्याला ते ‘प्रेअरी’ म्हणतात, तिथेही आपली मुले आहेत. वसंत ऋतू आला की तिकडचे सहकारी म्हणतात, चल टर्कीच्या शिकारीला. मग घरी फोन येतो: अम्मी, जाऊ का? खाल्ले तर चालेल का? आणि अम्मी उर्दू शिकवणाऱ्या शिक्षिकेला विचारते. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

पैसे देऊन कुणीतरी आपल्याला शिकारीला नेणे, हा धंदा आपल्याला अनोळखी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या वीस वर्षांत आपल्याकडे ‘शिकार कंपन्या’ जोरात होत्या आणि त्यांचे एक मोठे केंद्र आजच्या महाराष्ट्रातले नागपूर होते. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर ‘ऑल्विन कूपर’ नावाची अशीच कंपनी काढली होती. परदेशी पाहुणे, त्यांत अमेरिकन बरेच, डॉलर मोजून येत. वनखात्याने जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत, परवाना घेऊन ब्लॉक राखून ठेवायचा. कंपनी तंबू, खानसामा, जीप, मचाण, आमिषाला रेडकू आणि हाका घालायला गावातली माणसे, सगळे पुरवी. साहेब वाघ मारून कातडे घेऊन जाई. हाकेवाल्याला दिवसाची मजुरी मिळे. शिकारीचा छंद राजेरजवाड्यांचाही होताच. जहांगीरने तर हिशोब ठेवला होता: वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ जनावरे मारली गेली, त्यांतली १७,१६७ त्याने स्वतः. आज हा आकडा वाचून कौतुक वाटत नाही.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणनेत सगळ्या हिंदुस्थानात १,८२७ वाघ भरले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवान्याची वाट ठेवली होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. म्हणजे आज आपल्या देशात कोणीही, कितीही पैसे घेऊन, तुम्हाला कायदेशीर शिकारीला नेऊ शकत नाही. कोणी तसे म्हणत असेल तर तो तुम्हाला तुरुंगाच्या रस्त्याला नेतो आहे.

हे आपल्या भागात स्पष्ट सांगण्याची गरज आहे. नाटे, आंबोळगड, जैतापूरच्या आमच्या पट्ट्यात समुद्र आणि खाडी जवळ असली तरी पाठीमागे सडा आणि रान आहे. भेकर, ससा, साळिंदर, रानकोंबडा हे सगळे कायद्याने संरक्षित आहेत. सुट्टीत आलेल्या पाहुण्यांना रात्री गाडीतून बॅटरीच्या झोतात ‘जरा फिरवून आणतो’ असे म्हणणारा एखादा हौशी मुलगा सापडतोच. कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. फासकी लावणे, सापळा रचणे, पाठलाग करणे, अंडी किंवा घरटी मोडणे हेही शिकारीतच धरले आहे. मांस जवळ बाळगले तरी गुन्हा, आणि पकडले गेल्यास बंदुकीबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. दावतीत कोणी ‘जंगली’ वाढले तर विचारायला लाजू नये.

रानडुकराचा प्रश्न वेगळा आहे. ते आपल्याला हराम, पण आपले भात त्याला हराम नाही! पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागण्याची सोय कायद्यात आहे, आणि नुकसानभरपाईचाही अर्ज करता येतो. फासकी हा मात्र त्यावर उपाय नाही, कारण डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो आणि मग गाव अडकते.

आता तिकडचे पाहू. अमेरिकेतही एकेकाळी हीच दुर्दशा होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रानटी टर्की दोन लाखांच्या आसपास उरल्या होत्या. मग शिकारीचे हंगाम ठरले, परवाने आले, आणि १९३७ च्या एका कायद्याने शिकारीच्या बंदुका व काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना देण्यात आला. पक्षी पकडून नव्या जागी सोडले. आज त्यांची संख्या साठ लाखांच्या घरात सांगतात. आपण बंदी घालून वाचवले, त्यांनी परवाना आणि कर घेऊन. त्यांचा रस्ता आपल्याकडे चालेल असे मला वाटत नाही, कारण आपल्याकडे माणसे जास्त आणि रान कमी. पण त्यांच्या देशात त्यांचा हिशोब जुळला, हे मान्य करावे लागेल.

शिकार घडवून आणणाऱ्या व्यावसायिकाला तिकडे ‘आउटफिटर’ म्हणतात. तो शेतकऱ्यांची किंवा रँचची जमीन शिकारीपुरती भाड्याने घेतो, राहण्याची सोय करतो, सोबत वाटाड्या देतो. वसंतात मुख्यतः नरच मारायची परवानगी असते. पहाटे अंधारात नदीकाठच्या झाडांजवळ बसायचे, कारण टर्की रात्री झाडावर झोपते. मग मादीसारखा आवाज काढून नराला जवळ बोलवायचे. तासन् तास हलायचे नाही. अंगावर लाल, निळे, पांढरे काही नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच आणि दुसरा शिकारी फसू शकतो.

आउटफिटर निवडताना जाहिरातीतल्या फोटोंवर जाऊ नये. प्रत्येक राज्यात वाटाड्याला सरकारी परवाना लागतोच असे नाही, म्हणून आधी जाऊन आलेल्या दोन-तीन माणसांशी स्वतः बोलावे. जमीन कोणाची, लेखी परवानगी आहे का, एका वाटाड्यामागे किती जण, शिकारीचा परवाना पैशात धरला आहे की वेगळा, आणि आगाऊ रक्कम परत मिळते का, हे लिहून घ्यावे. परवाना राज्याच्या वन्यजीव खात्याचा असतो. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी काही ठिकाणी त्याची संख्या मर्यादित आहे, म्हणून आधी परवाना पक्का करावा, मग पैसे भरावेत. बहुतेक राज्यांत बंदूक-सुरक्षेचा छोटा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. आणि आउटफिटर लागतोच असेही नाही: कॅन्सस आणि नेब्रास्कात सरकार खासगी जमिनी भाड्याने घेऊन लोकांना पायी शिकारीसाठी मोकळ्या करते, त्यांचे नकाशे खातेच देते. विद्यार्थ्याच्या खिशाला तेच परवडेल.

एक गोष्ट आईवडिलांनी मुलाला फोनवर दोनदा सांगावी. विद्यार्थी, नोकरी किंवा पर्यटनाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राची बंदूक क्षणभर हातात घेतली तरी ती ‘बाळगली’ असे धरले जाऊ शकते. सवलत मोजकी आहे, आणि त्यातली मुख्य म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. मुदत संपली की सवलतही संपली. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. ‘मी फक्त एक गोळी झाडून पाहिली’ या वाक्यावर व्हिसा, शिक्षण, बापाने काढलेले कर्ज, सगळे जाऊ शकते.

राहिला हलालचा प्रश्न. टर्की हा दाणे-किडे खाणारा पक्षी, तो खाण्यास उलेमांची सर्वसाधारण संमती आहे. शिकारीचे मूळ नियम सूरह माइदामध्ये आणि हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहेत: अल्लाहचे नाव घेऊन सोडलेले टोकदार शस्त्र घुसले तर शिकार खावी, आडव्या माराने मेली तर खाऊ नये. बाणाबद्दल त्यामुळे शंका नाही. बंदुकीबद्दल मतभेद आहेत. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. जुन्या शाफई आणि हनफी उलेमांपैकी बऱ्याच जणांचे म्हणणे असे की गोळी धारेने नव्हे, जोराने मारते, म्हणून पक्षी जिवंत असतानाच त्याच्यावर सुरी फिरली पाहिजे. आजचे काही उलेमा बिस्मिल्लाह म्हणून झाडलेली गोळी पुरेशी मानतात. आणि इथेच खरी अडचण आहे: टर्कीवर छर्रे डोक्या-मानेवरच मारतात, पक्षी बहुधा जागीच मरतो, सुरीला वेळच मिळत नाही. मुलाने आपल्या जमातीच्या काजीसाहेबांना हे तपशीलासह विचारावे. नुसते ‘टर्की हलाल आहे का’ असे विचारले तर अर्धेच उत्तर मिळेल. धनुष्य घेऊन गेल्यास हा प्रश्नही सुटतो आणि बंदुकीच्या कायद्याचाही, फक्त शिकारीचा परवाना तेव्हाही लागतो.

काही रँचवर पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी त्या सकाळी सोडतात आणि पाहुण्याला ते मारायला देतात. जिवंत प्राण्याला निशाणा बनवून ठेवणाऱ्याचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. हे अगदी तेच आहे असे मी म्हणत नाही, पण त्यापासून फार दूरही नाही. असे ठिकाण टाळावे.

नुसती चवच हवी असेल तर एवढा खटाटोप नको. पाळीव टर्की आपल्याकडेही मिळते. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कारी विराट’ नावाची जातही तयार केली आहे. ती आपल्या अंगणात, आपल्या हाताने, आपल्या सुरीने जबह करता येते.

आणि मुलगा सुट्टीला घरी यायला निघाला की त्याला बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटकायला सांगा. आठवण म्हणून ठेवलेले एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडले तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि मग राजापूरची एसटी पकडण्याऐवजी वकील शोधावा लागतो.