बॅटरीवर चालणारी मुलांची गाडी : दोषशोधनाची शास्त्रीय पद्धत

प्रस्तावना :
लहान मुलाने स्वतः बसून चालवावयाची बॅटरीवरील गाडी आता शहरांप्रमाणे तालुक्याच्या गावीही आढळते. अनेक उद्यानांत व जत्रांत ती भाड्यानेही मिळते. अशी गाडी बंद पडली की विद्युत मोटार जळाली असे गृहीत धरले जाते अथवा हाती येईल त्या तारेने फ्यूज जोडला जातो. पहिल्या प्रकारात पैसा वाया जातो, तर दुसऱ्या प्रकारात मुलाच्या जीवाला धोका संभवतो. प्रस्तुत लेखात या दोषशोधनाचा क्रम व त्यामागील तत्त्वे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

रचना :
बहुतेक गाड्यांत ६ किंवा १२ व्होल्टची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. तिच्यातून निघणारी विद्युतधारा फ्यूज, पायाखालील स्विच आणि पुढे-मागे जाण्याचा स्विच यांतून मोटारीपर्यंत पोहोचते. मोटारीची गती दंतचक्रांमार्फत चाकाला मिळते. दोष यांपैकी कोणत्याही एका टप्प्यावर असू शकतो. म्हणून तपासणीही याच क्रमाने करणे श्रेयस्कर ठरते.

बॅटरीची तपासणी :
पूर्ण चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. मात्र केवळ या आकड्यावर विसंबणे योग्य नव्हे. समजा, बॅटरीचे विभवांतर १२.६ व्होल्ट व अंतर्गत रोध ०.०५ ओहम आहे. १० ॲम्पियर धारा वाहताना ०.५ व्होल्ट बॅटरीतच खर्च होऊन १२.१ व्होल्ट बाहेर मिळतात. हाच रोध ०.५ ओहम झाल्यास तेवढ्याच धारेसाठी ५ व्होल्ट आत खर्च होतात व केवळ ७.६ व्होल्ट उरतात. विश्रांत अवस्थेत मात्र दोन्ही बॅटऱ्या सारख्याच भासतात. म्हणून मूल गाडीत बसलेले असताना, गाडी चालू करून मल्टिमीटरने मापन करावे. विभवांतर १०.५ व्होल्टच्या खाली घसरल्यास बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज करून हीच चाचणी घ्यावी. तरीही घसरण कायम राहिल्यास बॅटरी निकामी समजावी.

अंतर्गत रोध वाढण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे दीर्घकाळ न केलेले चार्जिंग. रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होत जातात व ते पुन्हा विरघळत नाहीत. पावसाळाभर माळ्यावर पडून राहिलेली गाडी दिवाळीत चालत नाही, ती बहुधा यामुळेच. वापर नसतानाही महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करणे हा यावरील साधा उपाय होय.

पुढील टप्पे :
बॅटरी सुस्थितीत असल्यास मागची चाके जमिनीपासून उचलून, पायाखालील स्विच दाबलेला ठेवून प्रत्येक टप्प्यानंतर विभवांतर मोजावे. ज्या टप्प्यापलीकडे ते मिळत नाही, तेथेच दोष असतो. जोडांवर चढलेला हिरवट-पांढरा थर पुष्कळदा कारणीभूत ठरतो. मोटार फिरते पण चाक फिरत नाही, अशा वेळी दंतचक्राचे प्लॅस्टिकचे दाते झिजलेले असण्याची शक्यता अधिक असते.

फ्यूज व सुरक्षितता :
फ्यूज वारंवार उडणे हे लक्षण आहे. मूळ दोष अन्यत्र असतो. ०.०५ ओहम रोधाच्या १२ व्होल्ट बॅटरीची टोके थेट जोडली गेल्यास ओहमच्या नियमानुसार सुमारे २४० ॲम्पियर धारा वाहू शकते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने बारीक तार क्षणार्धात तापते. फ्यूजऐवजी तांब्याची तार जोडणे अथवा वेग वाढावा म्हणून अधिक व्होल्टची बॅटरी बसविणे म्हणूनच घातक होय.

अमेरिकेत ऑक्टोबर १९९८ मध्ये फिशर-प्राइस कंपनीने 'पॉवर व्हील्स' मालिकेतील सुमारे १ कोटीपर्यंत गाड्या दुरुस्तीसाठी परत मागविल्या. विद्युत घटकांतील बिघाडाच्या सुमारे ७०० तक्रारी व सुमारे १५० आगी तोवर नोंदल्या गेल्या होत्या. ही माहिती वेळेवर न कळविल्याच्या आरोपावरून २००१ मध्ये कंपनीला ११ लाख डॉलर दंड भरावा लागला. खेळण्यातील विद्युत मंडल किरकोळ मानता येत नाही, हेच यावरून सिद्ध होते.

निष्कर्ष :
१. बॅटरीची परीक्षा भाराखालीच घ्यावी.
२. दोष धारेच्या मार्गाने, टप्प्याटप्प्याने शोधावा.
३. फ्यूज ठरलेल्या क्षमतेचाच बसवावा व तो उडण्याचे कारण आधी दूर करावे.
४. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता, २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांस अनुसरून पुनर्चक्रणासाठी परत द्यावी.

अंतर्गत रोध, ओहमचा नियम व उष्णतेचा परिणाम हे पदवी वर्गात शिकविले जाणारे विषय या एका खेळण्यात एकत्र येतात. बंद पडलेली अशी गाडी प्रयोगशाळेत आणल्यास विद्यार्थ्यांना ते प्रत्यक्ष मोजून पाहता येतील.