शब्द देवाचा, अर्थ कुणाचा?

परवा वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, बायबल एकच, मग चर्च इतकी वेगवेगळी का?’’ प्रश्न साधा, पण उत्तर सोपे नाही. बायबल प्रमाण, याविषयी ख्रिस्ती लोकांत दुमत नाही. वाद आहे तो अर्थ कुणी लावायचा याचा. कॅथलिक म्हणतात, ग्रंथाबरोबर परंपराही हवी आणि अखेरचा निर्णय धर्मपीठाचा. प्रॉटेस्टंट म्हणतात, ग्रंथच सर्वश्रेष्ठ.

हा वाद पंडिता रमाबाईंनी स्वतः जगून पाहिला. त्यांचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानातला. म्हणजे घर मराठी आणि मुलूख कन्नड, अगदी आपल्यासारखेच! वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. शास्त्र कुणी वाचावे, हा प्रश्न रमाबाईंना असा घरातूनच मिळाला.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टर जेराल्डिन त्यांना आईसारख्या. पण चर्चची शिकवण निमूटपणे मानावी, हा त्यांचा आग्रह रमाबाईंना पटेना. पुरोहितांचे एक जोखड उतरवून दुसरे कशाला घ्यायचे, असे त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवले. त्रैक्याच्या सिद्धांतावरही त्या प्रश्न विचारीत राहिल्या. माया तुटली नाही आणि मतही सोडले नाही.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना दिसले, की प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बायकांना कळत नाही. जे कळतच नाही, ते प्रमाण कसे मानायचे? मग उतारवयाकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ साली मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

चर्चमध्ये हे भाषांतर फारसे रुळले नाही. शिवाय भाषांतर म्हणजेही एक अर्थ लावणेच. कोणता शब्द घ्यायचा आणि कोणता टाळायचा, हे रमाबाईंनीच ठरवले होते. दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. आजीची कन्नड म्हण नातवाला मराठीत सांगताना काहीतरी निसटतेच.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हटले, ‘‘श्रद्धा असली की प्रश्न थांबवावेत, असे रमाबाईंना कधी वाटले नाही.’’