भोंडला : सख्यांचा फेर

आश्विन लागला, की पावसाचा जोर ओसरतो, अंगणे सुकू लागतात आणि भोंडल्याचे दिवस येतात. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो. या ‘हस्ता’चा लोकांनी हत्ती केला! पाटावर त्याचे चित्र काढायचे, पाट मधोमध मांडायचा आणि भोवती हात धरून फेर धरायचा, असा हा साधा खेळ.

काही भागांत यालाच हादगा म्हणतात. तो १६ दिवस चालतो. पहिल्या दिवशी एक गाणे नि एक खिरापत, मग रोज एकेक वाढवीत सोळाव्या दिवशी सोळा. विदर्भ-खानदेशात याच सुमारास मुली भुलाबाईची गाणी म्हणतात.

गाण्यांत सासू, नणंद आणि माहेरची ओढ वारंवार येते. ते उगाच नव्हे. १९२९ चा शारदा कायदा होण्यापूर्वी कितीतरी मुली आठव्या-दहाव्या वर्षीच सासरी जात. तिथे तोंड उघडण्याची सोय नव्हती. फेरात मात्र दहाजणींच्या सुरात सासूची थट्टाही करता येई. गाणेच ते, त्यावर रागावणार कोण?

शेवटी खिरापत. झाकलेला डबा हलवायचा आणि ‘गोड की तिखट?’ असे विचारत पदार्थ ओळखायचा.

आज सभागृहात, ध्वनिक्षेपकावर, एका संध्याकाळीही भोंडला उरकतो. तेही असो, पण डबा घरचा असावा आणि मैत्रिणीच्या मनातले ऐकायला फेर पुरेसा लहान असावा. भोंडल्याचे मर्म तेवढ्यातच आहे.