उरणचे ऑफिस, अलिबागचे घर आणि मधला बोगदा

ऑफिसच्या संगणकांवर ऑफिसात न जाता काम करता येणे, ही रिमोट ॲक्सेसची साधी व्याख्या. रायगडच्या किनाऱ्यावर ही गरज जुनी आहे. न्हावा शेवा बंदराच्या जिवावर चालणारी उरणमधली क्लिअरिंग एजंटांची ऑफिसे, अलिबागमधले सीए, मुरूड-श्रीवर्धनची हॉटेले यांचा पसारा पाच-दहा संगणकांचा, त्यात एक टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आणि कोपऱ्यात सीसीटीव्हीचा डीव्हीआर. मालक मुंबईत, हिशेब बघणारा पनवेलला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो सुरू झाली खरी, पण एक व्हाउचर दुरुस्त करायला कोणी खाडी ओलांडत नाही.

यावर सर्रास केला जाणारा उपाय सर्वांत वाईट आहे. नेटवर्क जोडून देणारा राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे पोर्ट उघडतो, विंडोजचे रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर आणून ठेवतो आणि निघून जातो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचे साधन तयार केले. पुरेशी वेगवान जोडणी असेल, तर ते एका साध्या संगणकावरून इंटरनेटचे सगळे आयपीव्ही४ पत्ते पाऊण तासाच्या आत चाचपून येते. उरणमधल्या गल्लीतल्या ऑफिसला कोण शोधणार, हा दिलासा त्यामुळे फोल आहे. २०१९ च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ हे भगदाड सापडले. त्यातून पासवर्डशिवाय आत शिरणे शक्य होते. मायक्रोसॉफ्टला त्याआधीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. पोर्टचा क्रमांक बदलून काही साधत नाही. दुसऱ्या संगणकाचा पडदा दाखवणारे एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर अधूनमधून वापरायला ठीक, रोजच्या कामाचा पाया म्हणून नव्हे.

योग्य उपाय म्हणजे व्हीपीएन, अर्थात दोन टोकांमधला कूटबद्ध बोगदा. त्याचा इतिहास थोडक्यात असा: १९९० च्या दशकात आयपीसेक आणि पीपीटीपी आले. पीपीटीपी आज मोडीत काढण्याच्याच लायकीचे आहे. २००१ मध्ये जेम्स योनान यांनी ओपनव्हीपीएन आणले. मध्य आशियात फिरताना तिथल्या अनोळखी जोडण्यांवरून ऑफिसशी संपर्क ठेवण्याची चिंता हे त्यामागचे कारण होते. ओपनव्हीपीएन आजही भरवशाचे आहे.

पण छोट्या ऑफिससाठी खरी बहार आणली ती वायरगार्डने. जेसन डोनेनफेल्ड यांची ही निर्मिती २९ मार्च २०२० रोजी लिनक्स ५.६ मध्ये दाखल झाली. भारतात टाळेबंदी लागून तेव्हा चार दिवस झाले होते. इतका नेमका मुहूर्त पंचांग बघूनही साधला नसता. तिचा गाभा सुमारे चार हजार ओळींचा. जुन्या पद्धतींचा पसारा याच्या कैक पट असतो आणि पसारा जितका मोठा तितक्या चुकांना जागा जास्त. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स सहसा कोणाचे कौतुक करत नाहीत, पण वायरगार्डला त्यांनी कलाकृती म्हटले होते.

तिची रीत अशी. प्रत्येक यंत्र स्वतःसाठी चाव्यांची जोडी तयार करते: एक खासगी, एक जाहीर. खासगी चावी यंत्राबाहेर जात नाही. जाहीर चावी म्हणजे ४४ अक्षरांची एक ओळ. ती ऑफिसच्या राउटरमध्ये किंवा छोट्या सर्व्हरमध्ये नोंदवायची आणि तिच्यापुढे त्या यंत्राचा बोगद्यातला पत्ता लिहायचा. नोंद नसलेल्या कोणी दार वाजवले, तर वायरगार्ड उत्तरच देत नाही. नकारही नाही, चुकीचा पासवर्ड वगैरे काही नाही. झडती घेत फिरणाऱ्याला तिथे दार आहे हेच कळत नाही. संभाषण चालू असताना दर दोनेक मिनिटांनी आतल्या तात्पुरत्या चाव्याही बदलतात. शिवाय पत्ता बदलला तरी बोगदा तुटत नाही. रो-रोवर बसलेल्याचा फोन मुंबईचा टॉवर सोडून अलिबागचा पकडतो, तेव्हा फार तर क्षणभर अडखळतो.

उणीव एक आहे: चावी यंत्रात असते, माणसाजवळ नाही. लॅपटॉप चोरीला गेला की चावीही गेली. म्हणून लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध असावी आणि आतल्या संगणकाचा पासवर्ड वेगळा असावा. वापरात नसलेल्या नोंदीही वेळीच पुसाव्यात. अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीच्या कंपनीत एप्रिल २०२१ मध्ये हल्लेखोर शिरले ते एका वापरात नसलेल्या, पण बंद न केलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला दुसऱ्या पडताळणीची अट नव्हती.

प्रत्यक्ष जोडणी करताना अडचणी निराळ्याच येतात. राउटरच्या वॅन पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ या टापूत असेल, तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे आणि बाहेरून त्या ऑफिसपर्यंत थेट पोहोचता येणार नाही. अशा वेळी जादा पैसे भरून स्थिर आयपी घ्यावा, मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन दोन्ही टोके तिथे जोडावीत किंवा वायरगार्डवरच उभी असलेली टेलस्केलसारखी सेवा घ्यावी. दुसरी अडचण पत्त्यांच्या टकरीची. घरीही १९२.१६८.१ आणि ऑफिसातही तेच, मग बोगदा जोडला गेला तरी प्रिंटर सापडत नाही. ऑफिसचा पत्ता आधीच १९२.१६८.७३ असा काहीतरी आडवळणी ठेवावा. तिसरी टॅलीची. डेटाचे फोल्डर बोगद्यातून घरच्या संगणकावर उघडले, तर टॅली रडतखडत चालते. बोगद्यातून ऑफिसच्या संगणकाचे रिमोट डेस्कटॉप उघडावे आणि टॅली तिथल्या तिथे चालवावी.

दार भक्कम असले तरी आत सगळे खुले असेल तर काय होते, हे उरणकरांनी पाहिलेले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि न्हावा शेव्याचे तिच्या समूहातले गेटवे टर्मिनल्स इंडिया ठप्प झाले. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. तिथून विंडोजमधल्या जुन्या भगदाडावाटे आणि चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर ते यंत्रामागून यंत्र गिळत जगभर पसरले. मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या नेटवर्कची मुख्य नोंदवही वाचली ती घानामध्ये, कारण नेमक्या त्या वेळी तिथली वीज गेली होती. भारनियमनाचे इतके मोल कोकणातही कोणी दिले नसेल!

धडा छोट्या ऑफिसलाही लागू आहे. बोगद्यातून आलेल्या हिशेबनिसाला टॅलीच्या संगणकापर्यंतच वाट हवी. डीव्हीआर वेगळ्या जाळ्यात टाकावा, कारण २०१६ च्या मिराई हल्ल्यात असेच डीव्हीआर आणि कॅमेरे फितूर झाले होते. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवावी.

उरला समुद्र. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, ताशी शंभराहून अधिक किलोमीटरच्या वाऱ्याने विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. तशा वेळी कोणताही बोगदा कामाचा नाही. रोजच्या वीज जाण्यावर मात्र इलाज आहे. राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस, सिमवर चालणारी दुसरी जोडणी आणि संगणकाच्या बायोसमध्ये वीज परतताच आपोआप सुरू होण्याची सोय. ही शेवटची सोय फुकट असते आणि तीच बहुतेक ठिकाणी केलेली नसते.

कायद्याचा भाग थोडका आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याचे बंधन व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांवर आहे, स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी बोगदा चालवणाऱ्या ऑफिसवर नाही. मात्र १८० दिवसांचे लॉग ठेवणे आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणे, या अटी छोट्या ऑफिसलाही आहेत.